नाव न सांगणारा गणवेश

महाशिवरात्रीची यात्रा पांगली की बहुतेक वर्षी दोन-तीन दिवसांतच प्रतापगडाच्या परिसरात दुसऱ्या सणाची तयारी सुरू होते. हा सण म्हणजे लोसार, तिबेटी नववर्ष. आपली महाशिवरात्र माघातल्या अमावास्येच्या आदल्या रात्रीची आणि लोसार अमावास्या सरल्यावरचा. अधिक महिन्याचा हिशोब दोन्ही पंचांगांत वेगळा पडला तर महिनाभराचं अंतर पडतं. एरवी डोंगरावरचा महादेव आणि खालच्या वसाहतीतला बुद्ध यांचे सण एकाच आठवड्यात येतात. मी मुद्दाम असाच आठवडा निवडून गेलो होतो.

हा प्रतापगड साताऱ्याचा नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, झाडीपट्टीतला हा गड आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेनं अर्जुनीला उतरायचं, नाहीतर रस्त्यानं नवेगावबांधला येऊन गोठणगावची वाट धरायची. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे नवेगावबांधचं तळं मराठी वाचकाला घरच्यासारखं ठाऊक आहे. त्या तळ्यापर्यंत हौशी माणसं येतात आणि पक्षी पाहून परततात. पुढं इटियाडोह धरणाकडे जाणारा रस्ता मात्र मोकळाच असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. धरणाचं पाणी मिळतं त्या बांध्यांत उन्हाळी धानाची रोवणी होऊन हिरवा पट्टा दिसतो, आणि पाणी न मिळणाऱ्या बांध्यांत खरिपाची वाळकी धसकटं उभी असतात.

गडावर आज गोंडकालीन किल्ल्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. यात्रेकरू ते बघायला येतही नाहीत. ते वरच्या महादेवाला येतात, आणि त्याच डोंगराच्या आश्रयाला असलेल्या ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावरही माथा टेकतात. दोन्हीकडे तीच माणसं, तोच नारळ. या भागाला दोन श्रद्धा शेजारी शेजारी नांदवायची सवय जुनीच आहे. तिसरी आली तेव्हा ती सवय कामाला आली असावी.

तिसरी आली ती 1972 साली. गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. महाराष्ट्रातली तिबेटी शेतकऱ्यांची ही एकमेव वसाहत, आणि तिच्या टपालाच्या पत्त्यात प्रतापगड हेच नाव येतं. तिबेटी लोक आपसांत तिला अजून 'भंडारा' म्हणतात, कारण ती वसली तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. तो 1999 साली झाला. चार हजार मीटर उंचीवर जव पिकवणारी आणि याक राखणारी माणसं इथं येऊन चिखलात धान रोवायला शिकली. त्यांनी विदर्भाचा मे महिना सोसला. हे सगळं लिहिण्यासारखं आहे आणि त्यावर थोडंफार लिहिलंही गेलं आहे. मी मात्र वेगळ्याच गोष्टीच्या शोधात गेलो होतो. देशभरातल्या अशा वसाहतींमधून माणसं ज्या एका पलटणीत गेली, तिचा पोशाख आणि तिची हत्यारं मला समजून घ्यायची होती.

लोसारच्या सकाळी वसाहतीत शिरलं की आधी दिसतात त्या पाच रंगांच्या पताका, मग धुपाचा धूर, मग माणसं. बायकांच्या अंगावर चुपा, म्हणजे तिबेटी अंगरखा, आणि त्यावर विवाहितेचा पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन, कमरेपुढं बांधायचा एप्रन. म्हाताऱ्या पुरुषांच्या अंगावर जाड कापडाचा चुपा, कमरेला करकचून बांधलेला, आणि उजवी बाही खांद्यावरून उतरवून पाठीमागे सोडलेली. विदर्भात फेब्रुवारीतसुद्धा दुपारी ऊन लागतं, म्हणून ती उतरवली असं वाटतं. पण ही रीत मूळ तिबेटची. तिथं सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी रणरणतं ऊन असतं, म्हणून एका अंगरख्यातच दोन्ही ऋतूंची सोय केलेली.

हा चुपा नीट पाहण्यासारखा आहे, कारण या कहाणीतला पहिला गणवेश तोच. तो अंगापेक्षा लांब शिवतात. कमरपट्टा बांधताना वरचा भाग ओढून घेतला की छातीपाशी मोठा खोळ तयार होतो. त्यात लाकडी वाटी, सातूच्या पिठाची म्हणजे त्साम्पाची पिशवी, चहाची वडी, सुरी, अगदी लहान मूलसुद्धा मावतं. रात्री पट्टा सोडला की लांबी पायांखाली जाते आणि अंगरख्याचं अंथरूण-पांघरूण होतं. म्हणजे पाठपिशवी, शिधापिशवी आणि तंबू अशा तीन गोष्टी एका कपड्यात. गळ्यात 'गाऊ' असतो, चांदीची किंवा तांब्याची छोटी डबी. तिच्यात देवाची प्रतिमा, मंत्र, गुरूच्या वस्त्राचा तुकडा. गाऊ असला की गोळी लागत नाही, अशी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातल्या योद्ध्यांची श्रद्धा होती.

16 जून 1958 रोजी दक्षिण तिबेटातल्या ल्होखा भागात आंद्रुग गोम्पो ताशी या लिथांगच्या व्यापाऱ्यानं 'चुशी गांगद्रुक' या स्वयंसेवक फौजेची उघड स्थापना केली, तेव्हा जमलेल्या घोडेस्वारांच्या अंगावर हाच पोशाख होता. चिनी फौजेविरुद्ध खाममध्ये उठाव पेटलेला होता आणि ल्हासातलं सरकार उघडपणे बंडखोरांच्या बाजूला उभं राहू शकत नव्हतं. त्यामुळे या फौजेला ना सरकारी कापड मिळालं, ना सरकारी दारूगोळा. ज्यानं त्यानं आपला घोडा आणावा, आपली बंदूक आणावी. आदल्याच वर्षी दलाई लामांना सोन्याचं सिंहासन अर्पण करण्यासाठी गोम्पो ताशीनं गावोगाव वर्गणी गोळा केली होती. त्या धार्मिक फिरतीत जुळलेली माणसंच पुढं या फौजेचा कणा झाली. फौजेचा झेंडा पिवळा, त्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन तलवारी. त्यांतली एक मंजुश्रीची ज्वाळांची तलवार.

हत्यारांचा नुसता मेळ होता. कुणाकडे वडिलोपार्जित तोड्याची बंदूक. तिच्या नळीखाली चिरू हरणाच्या शिंगांसारख्या दोन टोकांची घोडी बसवलेली असे. निशाणा धरताना ती जमिनीत रोवायची आणि नळी तिच्यावर टेकवायची. तिची डागणी हळू होती. तिच्यामागे शिकारीचं कसब होतं, पण यंत्रतोफेपुढं तिचं काय चालणार? श्रीमंत व्यापाऱ्यांनी भारतातून आणलेल्या रायफली होत्या. कमरेला आडवी तलवार बहुतेकांच्या होती. त्या उन्हाळ्यात गोम्पो ताशीच्या स्वारांनी शांग गांदेन चोखोर मठात ठेवलेला सरकारी शस्त्रसाठा उचलला, तेव्हा कुठे त्यांच्या हाती बऱ्यापैकी ब्रिटिश बनावटीच्या रायफली आणि ब्रेन मशीनगन आल्या.

अमेरिकेची मदतही सुरू झाली होती. सीआयएनं 1957 साली पहिल्या मोजक्या तरुणांना प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर शिकवून रात्रीच्या अंधारात विमानातून तिबेटात उतरवलं. त्यांच्या अंगावर तिबेटीच कपडे होते. सोबत दांडा फिरवून चालवायचा बिनतारी संच आणि जिवंत पकडले गेले तर फोडायची विषाची कुपी होती. 1958 मध्ये ल्होखात विमानांतून हत्यारं टाकली, ती अमेरिकन नव्हती. ली-एनफिल्ड रायफली टाकल्या. त्या भागात ब्रिटिश रायफल कुणाच्याही हाती दिसू शकत होती, त्यामुळे ती कुठून आली हे सांगता येणार नव्हतं. इथं मी थबकलो. या माणसांच्या पाठीशी जो कुणी उभा राहिला, त्यानं हत्यार निवडताना त्याच्या मारक ताकदीइतकंच त्याचं मूळ लपलं राहील की नाही हे पाहिलं. 1958 साली लागलेली ही रीत पुढं अनेक वर्षं त्यांच्या मागे राहिली.

मार्च 1959 मध्ये खुद्द दलाई लामांनाही साध्या शिपायाचा वेश घ्यावा लागला. 17 तारखेच्या रात्री नोरबुलिंग्का महालातून बाहेर पडताना त्यांनी विजार आणि लांब काळा कोट घातला, चष्मा काढला आणि खांद्यावर रायफल अडकवली. दुसऱ्या खांद्यावर गुंडाळलेला जुना थांगका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, होता. ओळख पटू नये म्हणून तेवीस वर्षांच्या संन्याशानं बंदूक उचलली. वाटेत दोन्ही अंगांना चुशी गांगद्रुकचे स्वार होते. 31 मार्चला ते भारताच्या हद्दीत आले. मागून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांत ज्यांच्या हातची बंदूक सरहद्दीवर जमा करून घेतली ते स्वारही होते. पुढची काही वर्षं त्यांतल्या अनेकांनी हिमालयात रस्ते फोडण्याची मजुरी केली.

1962 च्या चिनी आक्रमणानं चित्र पालटलं. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांच्या पुढाकारानं 14 नोव्हेंबर 1962 रोजी, युद्ध चालू असतानाच, तिबेटी स्वयंसेवकांचं एक दल उभारायचं ठरलं. डेहराडूनच्या वर चक्राता या छावणीत ब्रिगेडियर सुजान सिंग उबान यांच्याकडे त्याची सूत्रं दिली. उबान यांनी पूर्वी 22 माउंटन रेजिमेंटचं नेतृत्व केलं होतं. त्यावरून दलाला 'एस्टॅब्लिशमेंट 22' म्हणू लागले. नंतरचं नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स. वसाहतींतली माणसं यांतलं एकही नाव घेत नाहीत. ती म्हणतात 'टू-टू'.

वसाहतीत चहा घेताना शेजारी बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, "पो-ला, तुम्ही फौजेत होतात?" तिबेटीत आजोबांना आदरानं पो-ला म्हणतात.

"होतो," ते हिंदीत म्हणाले. "टू-टू."

"कुठं कुठं गेलात?"

"चक्राता." एवढं बोलून त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. पुढं विचारणं बरं दिसलं नसतं. ज्या दलाचं अस्तित्वच सरकारनं कित्येक दशकं मान्य केलं नाही, त्यातल्या माणसाला गप्प राहायची शिस्त अंगवळणी पडते. वयानंही ती सुटत नाही.

जे जाहीर झालं आहे त्यावरून या दलाचा पोशाख आता बराच उलगडतो. चक्रात्यात चुपा उतरला आणि लष्करी कापड आलं. जवानांना आग्र्याला नेऊन छत्रीउड्या शिकवल्या, कारण वेळ आलीच तर त्यांना तिबेटात शत्रूच्या पिछाडीला उतरवायचं होतं. गणवेशावर छत्रीचे पंख आले. दलाचं चिन्ह हिमसिंह, तिबेटच्या राष्ट्रध्वजावरचाच. अधिकाऱ्यांच्या पदांत जुन्या तिबेटी सैन्यातलं 'दापोन' हे नाव राहिलं. म्हणजे छावणीच्या आत हा गणवेश पुरतं बोलत होता: आम्ही तिबेटी आहोत, आम्ही आकाशातून उतरतो. छावणीबाहेर मात्र त्यातलं काही दाखवायची मुभा नव्हती.

ज्या लढाईसाठी हे दल उभं केलं ती आली नाही. आली ती भलत्याच दिशेची. मार्च 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात यादवी पेटली. डिसेंबरात उघड युद्ध होण्याआधीच भारतानं या दलातले सुमारे तीन हजार जवान मिझोरामच्या सरहद्दीवरच्या डेमागिरीला नेले. समोर चितगावचा डोंगराळ मुलूख होता. तिथं ना बर्फ होतं, ना चिनी होते. दमट जंगल, बांबू, नद्या आणि कप्ताईचं विस्तीर्ण पाणी होतं. तिबेटी जवानांत चलबिचल झाली ती साहजिकच. हे त्यांचं युद्ध नव्हतं. इंदिरा गांधींनी त्यांना निरोप धाडला. त्यात सक्ती नव्हती, विनंती होती. धर्मशाळेतल्या त्यांच्या नेत्यांचा होकार आल्यावर ते गेले. ही गोष्ट मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोठी वाटते. चुपा उतरवून परक्या देशाचा गणवेश घालणं एक वेळ समजू शकतं. तो गणवेशही उतरवून, तिसऱ्याच देशाच्या स्वातंत्र्यासाठी, नावाशिवाय लढायला जाणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

कारण इथंही ओळख लपवायचीच होती. बाहेरच्या जगाला ही कारवाई मुक्तिवाहिनीची दिसायला हवी होती. म्हणून हातात दिल्या त्या बल्गेरियात बनलेल्या एके-47 रायफली आणि अमेरिकन कार्बाइन. भारतीय पायदळाची तेव्हाची रायफल होती इशापूरच्या कारखान्यातली 7.62 एसएलआर. एखादं हत्यार शत्रूच्या हाती पडलं तर त्यावरून भारताचं नाव निघू नये, हा त्यामागचा हिशोब होता. तोफखाना सोबत नव्हता. हवाई मदत म्हणजे तीन एमआय-4 हेलिकॉप्टर. या हलक्या सामानावर त्यांनी नोव्हेंबरपासून ठाणी मारली, पूल उडवले, रसद तोडली. पाकिस्तानच्या 97 व्या ब्रिगेडला आणि तिच्या कमांडोंना ब्रह्मदेशाकडे निसटायची वाट त्यांनी मिळू दिली नाही. मोहिमेच्या सुरुवातीलाच एक दापोन, धोंडुप ग्यातोत्सांग, गोळी लागून पडले. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा हे दल चितगावपासून फार लांब नव्हतं.

56 जवान मारले गेले, सुमारे 190 जखमी झाले. ही मोहीम कागदावर घडलीच नव्हती, त्यामुळे तिबेटी जवानांच्या छातीवर तिचं शौर्यपदक लागू शकलं नाही. सरकारनं 580 जणांना रोख बक्षिसं दिली. उबान यांनी पुढं 1985 साली 'फँटम्स ऑफ चितगाव' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे थोडं बाहेर आलं.

त्याच युद्धात, त्याच महिन्यात जमालपूरला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे 'जंगी पलटण', लढत होती. तिच्या जवानाच्या टोपीवर लाल-हिरवा तुरा होता, बिल्ल्यावर रणशिंग होतं, ओठांवर शिवाजी महाराजांचा जयजयकार होता. जमालपूरचा रणसन्मान आज त्या पलटणीच्या नावापुढं लागतो. गावात तिच्या जवानाचा फोटो गणवेशात लागतो, त्याला हार घातला जातो, शाळेतली मुलं त्याच्यापुढं उभी राहतात. हे सगळं त्याच्या हक्काचं आहे आणि अभिमानाचंही. पण गणवेश सैनिकाला काय काय देतो हे मला नोर्ग्येलिंगमध्ये बसून जितकं समजलं तितकं परेडच्या मैदानावर समजलं नव्हतं. मेल्यावर आपण कोण होतो याचा पुरावा, बायकोला पेन्शनच्या कचेरीत दाखवता येणारी ओळख, नातवाला सांगता येणारी गोष्ट: हे सगळं त्या कापडाबरोबर येतं. चितगावच्या जंगलात पडलेल्यांना ते मिळालं नाही.

युद्ध संपलं आणि पुढच्याच वर्षी ही वसाहत वसली. धान कापून झालं की इथले बरेच जण नागपूरसारख्या शहरांत जाऊन लोकरी स्वेटर विकतात. हिवाळ्यातला तिबेटी बाजार नागपूरकरांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. स्वेटरचा भाव करताना समोरच्या माणसाच्या घरात 'टू-टू'तला कुणी असेल, हे आपल्या मनात येत नाही. माझ्याही येत नसे.

ती ओळख पहिल्यांदा उघडपणे दिसली 2020 साली. ऑगस्टच्या अखेरीस पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडची शिखरं भारतानं ताब्यात घेतली, त्या मोहिमेत हे दल होतं. सुरुंगाच्या स्फोटात कंपनी लीडर न्यिमा तेंझिन मरण पावले. सप्टेंबरात लेहमध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा शवपेटीवर दोन झेंडे होते: भारताचा तिरंगा आणि तिबेटचा हिमसिंहांचा ध्वज. जवानांनी लष्करी मानवंदना दिली, कॅमेरे होते, नाव छापून आलं. 1962 पासून झाकलेली गोष्ट त्या दिवशी देशानं पाहिली. पण तो उजेड लेहमध्ये पडला. गोंदिया जिल्ह्यातल्या शाळांत आजही 1971 च्या युद्धाचा धडा शिकवताना प्रतापगडाशेजारच्या या वसाहतीचं नाव कुणी घेत असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही जाणार असाल तर महाशिवरात्रीच्या आठवड्यातच जा. गडावर सकाळी लवकर चढा. उन्हं चढली की खडक तापतात. दर्ग्यावर जा. मग खाली उतरून वसाहतीत मठ पाहा, थुक्पा खा. भारतीय माणसाला तिथं जायला परवाना लागत नाही, परदेशी पाहुणा सोबत असेल तर मात्र त्याच्यासाठी आधी संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. म्हाताऱ्या माणसांना 'ताशी देलेक' म्हणा आणि युद्धाबद्दल लगेच विचारू नका. कपड्यांबद्दल विचारा. चुपा कसा बांधतात, खोळात काय ठेवतात, गाऊ कुणी दिला, हे ती आनंदानं दाखवतात, आणि त्यातून कधी कधी बोलणं पुढं सरकतं.

1971 साली विशीत असलेला जवान आता सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या आठवणी लिहून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत, आणि वसाहतीतली नवी पिढी शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळुरू, दिल्ली आणि परदेश गाठते आहे. नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात जुनी शस्त्रं काचेआड मांडलेली आहेत. तिथं किंवा गोंदियात एका कपाटात चुपा, गाऊ, छत्रीचे पंख आणि हिमसिंहाचा बिल्ला ठेवायला काहीच हरकत नसावी. खाली पाटी मराठीत आणि तिबेटीत हवी, आणि तिच्यावर चितगावचं नाव आणि 56 हा आकडा हवा.